सोळा जणांचा बँड आणि माझा विलंबित

अमरावतीच्या दिवाणी कोर्टात पस्तीस वर्षं मी एकच वाक्य घसा फोडून सांगत आलो, "वाचल्याशिवाय सही करू नका." एखाद्या अशिलानं न वाचता कागदावर अंगठा टेकवला की मी त्याची अशी हजेरी घ्यायचो, की शेजारच्या टेबलावरचे वकीलसुद्धा आपापले कागद पुन्हा एकदा चाळून बघत. आणि त्याच मी एका तबकडीच्या मधोमध चिकटवलेलं, तळहाताएवढं लेबल चार महिने वाचलं नाही. त्यापायी अकोल्याच्या एका बँडमास्तरांनी आपला ट्रम्पेट कापडात गुंडाळून ठेवला. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी गमतीत बोलायला लागेन, तेव्हा निदान तुम्ही तरी मला लवकर सोडू नका.

तबकडी मुलीनं पाठवली. ती परदेशात असते आणि दर हिवाळ्यात मला स्वेटर पाठवते. अमरावतीत तो घालायला वर्षातून चार दिवस मिळतात, त्यातले दोन दिवस मी नुसता हट्टानं घालतो. यंदा हिवाळा सरता सरता स्वेटरऐवजी एक चपटं, चौकोनी खोकं आलं. आत जॅझच्या एका मोठ्या बँडच्या मैफलीची तबकडी होती. मैफल माझ्या जन्माच्या आधीची, समुद्रापलीकडच्या कुठल्याशा सभागृहात झालेली. तिची मूळ टेप शोधून, स्वच्छ करून, ती नव्यानं तबकडीवर उतरवली होती. पूर्वी हे सगळं एका तबकडीत मावत होतं म्हणे, आता त्याच्या दोन केल्या होत्या. मी म्हटलं, कंपनी दिलदार दिसते.

पाकीट पुस्तकासारखं उघडायचं. उघडलं की दोन्ही पानांवर मिळून एकच फोटो. सोळा माणसं, सगळ्यांचे कोट सारखे. पुढे पाच सॅक्सोफोनवाले, त्यांच्यामागे पितळी नळी पुढेमागे सरकवणारे तीन ट्रॉम्बोनवाले, सगळ्यात मागे चार ट्रम्पेटवाले, आणि बाजूला पियानो, गिटार, माणसापेक्षा उंच असा बास आणि ड्रम. मी तो फोटो कौतुकानं बायकोला दाखवला.

"वरातीतला बँड दिसते," ती म्हणाली.

"बँडच आहे. पण हे लोक बसून वाजवतात."

"मंग वरात कुठी जाते?"

बायको अकोल्याची. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली, पण घरात तिची वऱ्हाडी निवृत्त झालेली नाही. मीही इथलाच, पण कोर्टात पुस्तकी बोलून बोलून माझी जीभ त्याच वळणावर गेली ती गेलीच.

आता माझ्या कानांबद्दल. ते शास्त्रीय गाण्यावर वाढलेले. तरुणपणी सतरंजीवर मांडी घालून, पायाला मुंग्या येईपर्यंत विलंबित ख्याल ऐकलेला माणूस मी. जॅझचं ज्ञान म्हणाल तर दोन-चार जुन्या तबकड्या आणि भरपूर आत्मविश्वास. माझ्याकडे एक तबकडीयंत्र आहे, त्याला गतीचा खटका आहे, तेहतीस, पंचेचाळीस आणि अठ्ठ्याहत्तर. मोठी तबकडी तेहतीसवर, लहान पंचेचाळीसवर, हे आमच्या पिढीला कोणी शिकवलं नाही. पोळी पानात डावीकडे वाढतात की उजवीकडे, हे जसं हाताला माहीत असतं, तसं ते माझ्या हाताला माहीत होतं. तबकडी मोठी होती. हातानं खटका तेहतीसवर नेला. डोकं मध्ये आलंच नाही.

सुई टेकली. आधी खरखर, मग टाळ्या. पण काय टाळ्या! वरूडच्या मंडीत ट्रकमधून संत्री ओततात ना, तसा मऊ, गोल, जड आवाज. मग निवेदक बोलला. विहिरीच्या तळाशी बसून एखादा राक्षस आदबीनं बोलतोय असं वाटलं. मी मनात म्हटलं, काय खर्ज आहे या माणसाचा! आणि मग ते सोळा जण सुरू झाले.

मी खोटं सांगणार नाही. मला जे वाटलं ते खरंच वाटलं. सूर असे येत होते, की जणू सोळा हत्ती एकापाठोपाठ एक नदीतून वर चढतायत आणि कोणालाच घाई नाही. षड्ज कुठल्या कुठे खाली, जवळजवळ मंद्र पंचमाच्या घरी जाऊन बसलेला. एक ट्रम्पेटवाला उभा राहिला असावा, कारण बाकीचे मागे सरले आणि त्यानं एक सूर धरला. धरला तो धरलाच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्या क्षणी ठरवून टाकलं की जॅझला विलंबित आहे, आणि जगात हे फक्त मला कळलंय.

पुढचे चार महिने मी अमरावतीत त्या शोधाचा प्रसार केला. सकाळच्या फिरण्यातल्या चौघा मित्रांना बागेच्या बाकावर बसवून मी पाश्चात्त्य खर्जावर बोललो. एक जण मधुमेही होता, त्याला नाश्त्याच्या वेळेला घरी जायचं होतं. त्यालाही सोडलं नाही.

बायकोनं मात्र पहिल्या रविवारीच विचारलं होतं, "यायले सगळ्यायले ताप आहे का हो? असे कण्हून काहून राह्यले?"

"तुला गणित कळतं," मी म्हटलं होतं, "हे गाणं आहे."

*

यंदा अधिक महिना आला. अधिकात जावयाला धोंड्याला बोलवायचं, जेवू घालायचं, वाण द्यायचं. सासूसासरे आता नाहीत, पण मेहुण्यानं प्रथा सोडलेली नाही. अकोल्याच्या त्या गल्लीत मी तेहतीस वर्षं जावई आहे. तेही एका घराचा नाही, अख्ख्या गल्लीचा. तिथे जावयाला उलट बोलत नाहीत. मी एकदा तिथल्या ओट्यावर बसून सांगितलं होतं, की अकोला अमरावतीपेक्षा थंड आहे. पारा तेव्हा चव्वेचाळीसवर होता. "हाव ना, जावईबापू," म्हणाले सगळे, आणि कोणीतरी माझ्याकडे पंखा वळवला. असं ऐकून घेणारं गाव मिळालं, की माणूस हळूहळू बिघडतो. मी तर लवकर बिघडलो.

तर धोंड्याला जाताना मी यंत्र, ॲम्प्लिफायर, स्पीकरच्या दोन पेट्या आणि तबकडी असं सगळं गाडीत घातलं. जेवणानंतर मेहुण्याच्या बैठकीत मैफल मांडली. आणि ऐकायला समोरच्या घरातले मास्तर आले.

मास्तरांची ओळख करून द्यायला हवी. सत्तरी ओलांडलेली. अकरा जणांचा लग्नाचा बँड. मास्तर स्वतः ट्रम्पेट वाजवतात, पन्नास वर्षं झाली. माझ्या वरातीतही त्यांनीच वाजवलं होतं. त्यांची एक खासियत अख्ख्या अकोल्याला ठाऊक आहे. वरात मंडपाच्या दारात पोचली की मास्तर बाकीच्यांना हातानं थांबवतात आणि एकट्यानं एक सूर धरतात. एका दमात. नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत तो सूर उतरत नाही. नाचणारे नाचायचे थांबून बघत राहतात. पण गेल्या मोसमात दोनदा तो सूर मध्येच तुटला होता. मेहुण्यानं मला हे हळूच सांगितलं होतं. मास्तर तेव्हापासून त्याबद्दल बोलत नव्हते. अधिकात लग्नं नसतात, बँड बसून होता, आणि मास्तर घरी बसून आपल्याच छातीकडे कान लावून होते.

ते खाली सतरंजीवर बसले, हात गुडघ्यांवर. मी खुर्चीवर. खटका तेहतीसवर. राक्षस बोलला, संत्री ओतली गेली, हत्ती निघाले. मास्तरांनी डोळे मिटले. मग तो ट्रम्पेटवाला आला, त्यानं सूर धरला, आणि मास्तरांनी डोळे उघडले.

"जावईबापू, हा मानूस श्वास कुठी घेऊन राह्यला?"

"साधना, मास्तर," मी म्हटलं. "बारा-बारा वर्षं एकच सूर घोटतात हे लोक."

"हाव. पन श्वास तं लागते ना. जिता मानूस हाय ना तो?"

"मास्तर," मेहुणा डोळे मोठे करून म्हणाला, "भाऊजी सांगून राह्यले ना."

"हाव हाव. माह्यं चुकलं."

मी सुई उचलून पुन्हा तिथेच ठेवली, मोठ्या उदारपणे. यावेळी मास्तरांनी पाठ ताठ केली, छाती भरून घेतली आणि त्या ट्रम्पेटवाल्याबरोबर आपला श्वास सोडायला लागले, ओठ मुडपून, आवाज न करता. तो वाजवत राहिला. मास्तरांचे कान लाल झाले, मानेच्या शिरा दिसायला लागल्या. तो वाजवतच होता. मास्तरांचा दम संपला, ते खोकले, हसले, आणि मग हसायचे थांबले.

"मंग आमी काय फुंकलं पन्नास साल?" ते म्हणाले.

यावर काहीच न बोलणं सोपं होतं. गप्प बसायला कायद्याची पदवी लागत नाही. पण मी म्हटलं, "मोठ्या कलेपुढे माणूस लहान होतोच, मास्तर."

त्यांनी मान डोलावली. पान घेतलं नाही. घरी गेले.

*

आठवड्यानं मेहुण्याचा फोन आला. बायकोनं तो घेतला आणि ऐकता ऐकता खाली बसली. मास्तरांनी ट्रम्पेट गुंडाळून ठेवला होता. पुढच्या मोसमात आपण वाजवणार नाही, असं माणसांना सांगून टाकलं होतं. त्यांचा एक जुना शिष्य बार्शीटाकळीला राहतो, शेती करतो आणि लग्नात क्लॅरनेट वाजवतो. अधिक संपला की गुरुवारी तो येणार होता. त्याच्या हाती ट्रम्पेट आणि बँड दोन्ही सोपवायचं ठरलं होतं.

मला काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. चक्क. एका तबकडीनं कलावंताला वैराग्य दिलं, असं काहीतरी माझ्या मनात आलं आणि हे बागेतल्या चौघांना सांगायला सकाळ कधी होते असं झालं.

सोमवार होता. बायको यंत्रावरची धूळ पुसत होती. तबकडी बाहेरच राहिली होती. तिनं ती दोन्ही तळव्यांत कडेनं धरून उजेडाकडे तिरपी केली. वह्या तपासायची तिची तीच पद्धत.

"अहो, इथं पंचेचाळीस लिवलं आहे."

"ते लहान तबकडीला असतं."

"पन लिवलं तं याच्यावर आहे."

"छापताना चूक झाली असेल."

"मंग लावून पाहाले काय जाते?"

तिला खोटं पाडायचं म्हणून मी उठलो. खटका पंचेचाळीसवर नेला. सुई ठेवली.

टाळ्या पत्र्यावर गारा पडाव्यात तशा पडल्या. निवेदक बोलला, आणि तो राक्षस नव्हता, बारीक आवाजाचा, घाईतला, जरा खट्याळ असा माणूस होता. त्यानं काहीतरी विनोद केला, पुढच्या रांगेत एक बाई खळखळून हसली. ती बाई गेले चार महिने माझ्या घरात म्हशीसारखी हंबरत होती, आणि मी त्याला सभागृहाचा घुमारा समजत होतो. मग कोणीतरी चार आकडे मोजले आणि सोळाच्या सोळा जण एकदम उठले.

मला दुसरा शब्द सुचत नाही. उठले. भिंतीवरचं कॅलेंडर हललं असं मला वाटलं, ते पंख्यानं हललं असेल. ट्रम्पेटांनी एक हाक मारली, सॅक्सोफोननी ती झेलून वर फेकली, आणि ती खाली पडायच्या आत ट्रॉम्बोनवाल्यांनी तिच्याखाली हात धरला. सोळा माणसं आणि एकाचाही पाय दुसऱ्याच्या पायात नाही. ड्रमवाला मागून सगळ्यांना ढकलत होता आणि तरी कोणाला धक्का लागत नव्हता. इतका आनंद एका खोलीत मावतो हे मला माहीत नव्हतं. मी तोंड उघडं टाकून उभा होतो. बायकोच्या हातात धूळफडकं तसंच होतं आणि तिचा अंगठा त्या फडक्यावर ताल धरत होता.

बाजू लवकर संपली, आणि एका तबकडीच्या दोन का केल्या तेही कळलं. मी हसत होतो.

ती हसत नव्हती. "आन मास्तरकाका?" ती म्हणाली.

*

त्या दिवशी मी अकोल्याला फोन लावला. मास्तरांनी उचलला. मी ऊन विचारलं, पाऊस विचारला, गुडघे विचारले. ते "हाव, हाव" म्हणाले. मी म्हटलं, बरं, ठेवतो. आणि ठेवला. मंगळवारी पुन्हा लावला आणि पुन्हा गुडघे विचारले. बायको शेजारीच उभी होती.

"परवा तो बार्शीटाकळीवाला येईन," ती म्हणाली. "तुमी तोवर मास्तरकाकाचे गुडघेच पुसत राह्यसान."

तरी बुधवार मी वायाच घालवला. गुरुवारी सकाळी यंत्र, पेट्या पुन्हा गाडीत घालून निघालो. जूनचं ऊन असं, की गाडीच्या टपावर पापड भाजावा. तबकडी वाकेल या धास्तीनं मी ती ओल्या टॉवेलच्या घडीत, पाकिटावर पाकीट चढवून बायकोच्या मांडीवर दिली होती. मूर्तिजापूर येईपर्यंत तिचा ड्रेस भिजला. "पोरीले बी एवढं जपलं नव्हतं तुमी," एवढंच ती म्हणाली.

मास्तरांच्या घरी पोचलो तर शिष्य आधीच आलेला. पन्नाशीचा, शेतात रापलेला, अंगावर धुतलेला शर्ट. खाटेवर तो एका टोकाला, मास्तर दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये कापडात गुंडाळलेला ट्रम्पेट, शेजारी नारळ. चहा व्हायचा होता, मग नारळ फोडायचा होता. मला बघून सगळे उठले. मेहुणाही समोरून धावत आला, जावई न सांगता आला म्हणजे काहीतरी भयंकर घडलंय, अशा चेहऱ्यानं.

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. तबकडी मी चुकीच्या गतीवर लावली. सूर लांब नव्हता, मी लांबवला होता. तुमची शंका बरोबर होती.

मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग हसले, आजारी माणूस समाचाराला आलेल्याकडे बघून हसतो तसे.

"जावईबापू, माह्यं मन राखाले एवढ्या उन्हात आले. लय झालं."

"मन राखत नाही, मास्तर, खरं सांगतोय!"

"खटका तुमच्या हातात हाय. हळू लावा, जोरात लावा. खरं कोनतं, ते मशीन थोडीच सांगते?"

झालं. तेहतीस वर्षं त्या गल्लीत माझ्या प्रत्येक थापेवर माना डोलल्या होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो तर तो माझा मोठेपणा ठरला. बायकोनं लेबल पुढे केलं. मास्तर म्हणाले, मला इंग्रजी येत नाही. ती म्हणाली, काका, आकडा तर येतो. ते म्हणाले, "लिवनारा काईबी लिवते, माय."

मग मी वाद सोडला आणि यंत्र जोडलं. कूलर बंद केला. खटका पंचेचाळीसवर.

गारा पडल्या, बाई हसली, सोळा जण उठले. शिष्याच्या हातातला पाण्याचा पेला कलंडला. मास्तर हलले नाहीत. ते बँड ऐकतच नव्हते असं वाटलं. कशाची तरी वाट बघत होते. तो ट्रम्पेटवाला आला, त्यानं सूर धरला, वर नेला, आणि मास्तरांनी एकदम हात वर केला.

"घेतला!"

"काय?"

"श्वास घेतला त्यानं! मांगं घ्या, मांगं घ्या!"

मी सुई मागे घेतली. मला काही ऐकू आलं नाही. पुन्हा घेतली. पुन्हा नाही. "तुमचं ध्यान सुरात हाय," मास्तर म्हणाले, "सुराच्या मांगं पाहा." तिसऱ्यांदा सुई ठेवली, आणि तेव्हा मला तो सापडला. दोन सुरांच्या मधल्या फटीत, गरम चहाचा पहिला घोट घ्यावा तसा एक छोटा, घाईचा, ओला आवाज. समुद्रापलीकडच्या त्या सभागृहात, मी जन्मायच्या आधी, एका माणसाला हवा कमी पडली होती आणि त्यानं ती घेतली होती. तो माणूस आता नसणार. तो कोट, ते सभागृह, ती हसणारी बाई, कोणीच नसणार. आणि तो घोटभर श्वास इथे, अकोल्याच्या एका पत्र्याच्या खोलीत, आम्ही पाच जण आपला श्वास रोखून ऐकत होतो. मी चार महिने ती तबकडी ऐकली होती. मास्तरांनी खऱ्या गतीवर एकदाच ऐकली.

त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग हळूहळू लाली चढली, आणि ते माझ्याकडे वळले.

"मी इचारलं होतं का नाई तुमाले?"

"विचारलं होतं."

"पयल्याच झटक्यात इचारलं होतं! पन्नास साल फुंकून राह्यलो मी, मले समजत नाई का मानसाच्या छातीत किती हवा राह्यते? आन तुमी मले साधना सांगता? बारा-बारा वर्सं? अबे, तुले काय समजते रे त्याच्यातलं!"

"मास्तर!" मेहुणा किंचाळलाच. "जावई हायेत ते!"

"जावई असन तुह्या घरचा! दहा दिवस मले झोप नाई!"

गल्लीच्या इतिहासात असं घडलं नव्हतं. समोरून चहाचा ट्रे घेऊन आलेली मेहुण्याची बायको दारातच थिजली. माझी बायको ओढणी तोंडावर धरून खांद्यांनी हसत होती. आणि मी, खरं सांगतो, त्या शिव्या भिजलेल्या कापसासारखा शोषून घेत होतो. त्या गल्लीत आजवर मला मिळालेल्या सगळ्या वाणांपेक्षा त्या मला जास्त आपल्या वाटल्या.

मास्तरांनी कापड सोडलं, ट्रम्पेट घेतला, ओठ पुसले. मी सुई ठेवली. त्यांनी त्या माणसाबरोबर वाजवायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच वळणावर मागे पडले. पुन्हा. पुन्हा मागे पडले. दम पुरत होता, पण तो माणूस सुरांच्या पायऱ्या दोन-दोन एकदम चढत होता. मास्तरांनी ट्रम्पेट खाली केला. शिष्यानं नारळाकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. मला वाटलं, पुन्हा मीच घात केला. आधी दमानं मारलं, आता बोटांनी.

"बोटं पोचत नाई," मास्तर म्हणाले. मग यंत्राकडे वळले. "ते तुमचं पयलंवालं लावा बरं. हळूवालं."

"ते चुकीचं आहे, मास्तर."

"चुकीचं असू दे. तिथं बोटं मोजता येते."

मी खटका तेहतीसवर नेला. हत्ती निघाले. पण आता मास्तर त्यांच्याकडे बघून दबत नव्हते, एकेका हत्तीच्या पायाखालची माती तपासत होते. एक तुकडा ऐकायचा, थांबवायचा, खालच्या पट्टीत तोच शोधायचा. पुन्हा ऐकायचा. त्या माणसाचा श्वास आता त्यांना हळू गतीतही सापडायला लागला होता, बंद खोलीच्या फटीतून वारा यावा तसा, आणि तिथे ते बोट उचलायचे. माझं काम सुई उचलणं आणि ठेवणं. "हं, मांगं." "नाई, अजून मांगं." "आता जाऊ द्या." तीन तास मी न्यायालयाच्या शिपायासारखा हुकुमाचा ताबेदार होतो. जेवण दोनदा गरम झालं.

शिष्य शेवटी उठला. "मास्तर, मंग मी काय करू?"

"क्लॅरनेट आनली का?"

"गाडीले बांधली हाय."

"मंग सोड. दुसरा सूर तू धर. मी एकट्यानं किती फुंकू?"

*

मोसमाच्या पहिल्या तारखेला आम्ही दोघं मुद्दाम अकोल्याला गेलो. लग्न कोणाचं होतं ते मला अजून माहीत नाही. संध्याकाळी साडेसहाला वरात मंडपाशी आली. घोडा, धूळ, मोबाईलचे दिवे, नाचून घामेजलेली पोरं. मास्तरांनी हात वर करून बँड थांबवला. मला वाटलं, नेहमीचा सूर धरतील.

त्यांनी ती चाल धरली, समुद्रापलीकडची, सोळा जणांमधल्या त्या एकाची. पुरत्या गतीत नाही, तेहतीस आणि पंचेचाळीसच्या मध्ये कुठेतरी, स्वतःच्या गतीत. शेजारी शिष्याची क्लॅरनेट. सूर वर गेला, आणि एका जागी मास्तरांनी ट्रम्पेट ओठांपासून केसभर दूर केला आणि श्वास घेतला. चोरून नाही. चांगला मोठा, आवाज करून, समोरच्या घोड्यानं कान हलवला इतका. आणि पुढे निघाले.

नाचणारी पोरं थांबून बघत होती. त्यांना ती चाल ओळखीची नव्हती, पण कोणी हललं नाही. नवरदेव घोड्यावरच बसून राहिला. उतरायचं असतं हे त्याला कोणीतरी पाय ओढून सांगितलं, तेव्हा तो उतरला. मास्तर अजून वाजवत होते.